सांदवाडीतला तलाव

गेल्या महिन्यात माझी सून नागपूरहून आली ती एक भलंमोठं खोकं घेऊन. त्यात तळं होतं. काळ्या प्लॅस्टिकचं, घडी घातलेलं, सोबत मुठीएवढा पंप आणि खोट्या दगडांची पिशवी. "आई, मागच्या अंगणात बसवू. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल," ती उत्साहानं म्हणाली, आणि मला एवढा राग आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि चहा उकळून आटेपर्यंत तिथंच उभी राहिले. पोरीची काही चूक नाही. तिला काय माहीत, की याच घराच्या मागं एकदा एक तलाव झाला होता आणि त्यानं आमचं अख्खं एक वर्ष खाल्लं होतं. संध्याकाळपर्यंत म्हणे! आमच्या तलावात संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा टिकत नव्हतं.

घर हेच. मुर्रीतलं, गोंदियाला लागून. तेव्हा मुर्री आजच्याइतकी शहरात शिरली नव्हती. आमच्या घराच्या एका अंगाला शहराचे दिवे दिसायचे आणि दुसऱ्या अंगाला थेट धानाच्या बांध्या, बांध घालून पाणी अडवलेली शेतं, सुरू व्हायच्या. सकाळी राईस मिलचा भोंगा, दुपारी स्टेशनात डबे जोडण्याचा धडाम आवाज, आणि दिवसभर बाबूजींचा आवाज. माझे वडील चांगले धिप्पाड पोवार शेतकरी होते आणि मनात आलेली कुठलीही गोष्ट त्यांना सरळ सांगता येत नसे. माया वाटली की ते खेकसत, आणि राग आला की जास्त खेकसत. फरक फक्त मायला कळायचा, तोही नेहमी नाही. त्यांना नवनवीन उद्योग काढायचं वेड होतं. गोबर गॅसचा खड्डा त्यांनी खणला, त्यात शेवटी कोंबड्या बसायच्या. अळिंबीची लागवड केली, तिचा वास आमच्या रजयांतून पावसाळाभर गेला नाही. एकुलती एक लेक म्हणून प्रत्येक उद्योगात दोरीचं दुसरं टोक धरायला मी असायचीच.

घरामागची सांदवाडी मात्र मायची. घरापुरता भाजीपाला लावायची ती जागा. तिथं अंबाडी, वांगी, मिरच्या आणि हिवाळ्यात पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा मोठा मांडव. पोपटाच्या हिरव्या दाण्यांची रस्सा भाजी आणि गरम भात, वर लसणाची फोडणी दिलेली लाखोरीची डाळ, हे आमचं थंडीचं जेवण. माय मोठ्या घरची सून, म्हणजे रोवण्याला, भाताच्या लावणीला, बांधीत उतरायची तिला बंदी. बांधावरून मजूर बायांना पाणी पाजायचं, एवढंच. त्यामुळं चिखलात हात घालायची तिची सगळी हौस त्या सांदवाडीत जिरायची. शेंगा तोडताना ती माहेरच्या गोष्टी सांगायची, आणि माहेरच्या गोष्टी म्हणजे तलावाच्या गोष्टी. तिचं गाव कोहमाऱ्याच्या फाट्यावरून आत, गावाला लागून मोठा तलाव. तलावात शिंगाडे, कमळाचे ढेस म्हणजे भाजीचे देठ, घाटावर बायांची गर्दी. "आमच्या तलावात" म्हणून ती सुरू झाली की मी मनातल्या मनात पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची.

दरवर्षी दिवाळी झाली की मामा तिला न्यायला यायचे. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक, दिवसा पाळणे आणि मिठाई, आणि सगळ्या लेकी माहेरी येतात. पण लेक आपली आपण उठून जात नाही. माहेरचं माणूस न्यायला आलं पाहिजे. ही रीत. त्या वर्षी मामांनी घर आणि शेत विकलं आणि ते मुलाकडं भिलाईला राहायला गेले. मंडईचे दिवस आले, तशी मायनं पेटीतून दोन लुगडी काढली, उन्हात टाकली, संध्याकाळी घडी घालून परत पेटीत ठेवली. कोणी न्यायला येणार नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. ती रडली नाही, बोलली नाही, पण तलावाच्या गोष्टी बंद झाल्या. मांडवाखाली आम्ही दोघी मुक्यानं शेंगा तोडायला लागलो, आणि ज्या गोष्टींचा मला एवढा कंटाळा होता त्यांच्यावाचून मला करमेना.

बाबूजींनी हे पाहिलं होतं. मला वाटायचं त्यांना काही दिसत नाही. एके सकाळी त्यांनी मला सांदवाडीत बोलावलं, दोरी दिली आणि मोठ्यानं, मायला ऐकू जाईल असं म्हणाले, "धर व तारे. तलाव बांधून राहिलो इथं. बदकं पाळू." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुया मायसाठी होय. सांगशीन तं तंगडं मोडीन."

तंगडं मोडायची धमकी देऊन कोणी बायकोला भेट देतं का? पण मी खूश झाले. आता मायला पाणी दिसेल, ती परत बोलायला लागेल, असं मलाही वाटलं. आणि लगेच पहिला घोळ झाला. सखल जागा शोधत बाबूजी फिरले आणि नेमके पोपटाच्या मांडवाखाली उभे राहिले. मांडव शेंगांनी लदलेला. मी म्हटलं, "बाबूजी, दुसरीकडं घ्या ना." ते म्हणाले, "पानी खालतंच जमते का वरतं जमते?" मागच्या दारात माय येऊन उभी राहिली होती.

"कायले उपटता? भरात आला ना मांडव."

"तलाव करून राहिलो."

"कोनाले पाहिजे तलाव?"

बाबूजी माझ्याकडं बघायला लागले आणि मी त्यांच्याकडं. त्या एका क्षणी खरं सांगून टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. "बदकाईले," ते म्हणाले. मायनं पदर खोचला, विळा आणला आणि स्वतःच्या हातानं वेल कापून मांडव मोकळा केला. कच्च्या शेंगा तिनं टोपलीत भरून शेजारी वाटून टाकल्या.

खड्डा खणला. चांगला खोल, दोन खाटा मावतील एवढा. विहिरीवरची मोटर लावून सकाळी भरला, पाणी निळंशार दिसलं, बाबूजींनी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात ओला मुरूम आणि एक भांबावलेला बेडूक. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मग येणारा-जाणारा प्रत्येक माणूस कमरेवर हात ठेवून खड्ड्याच्या काठावर उभा राहायला लागला. कोणी म्हणे दिशा चुकली, कोणी म्हणे विहीरच पाणी ओढते. उंटावरचे शहाणे आमच्या सांदवाडीत रांग लावून आले आणि प्रत्येकाला चहा मायनं करून दिला. मी कप विसळून विसळून वैतागले होते.

नंतर गोंदियातून मिस्त्री आणला. तो हिंदीत बोलायचा, तोंडात पान. "पाटीलजी, मिट्टी का भरोसा नहीं. सीमेंट मारो, पोते भी पानी पियेंगे आपके." पोते म्हणजे नातू, मी तेव्हा शाळेत होते. बाबूजींना ते बोलणं फार आवडलं. बागेतला तलाव ही त्यांच्या डोक्यात शहरी वस्तू होती आणि शहरी वस्तूला शहरी माल हवा. सिमेंट झालं, गुळगुळीत, राखाडी. पाणी थांबलंही. आठ-पंधरा दिवस आम्ही तलाववाले होतो. माय मात्र तिकडं फिरकलीच नाही. धुणंसुद्धा तिनं विहिरीवरच धुतलं. आणि मग आमचा उन्हाळा आला. गोंदियाचा उन्हाळा काय असतो ते त्या मिस्त्रीला माहीत नसावं असं नाही, पण पैसे घेताना कोणाला ऊन आठवतं? तळाला एक चीर गेली, मग तिला फाटे फुटले. बाबूजींनी डांबर ओतलं, कापड ठोसलं, शिव्या दिल्या. मिस्त्री म्हणाला, "पानी भरके रखना था." पाणी भरूनच तर ठेवायचं होतं रे बाबा! आजही तो शब्द आठवला की माझं डोकं तापतं.

एवढ्यात आत्याबाई आल्या. बाबूजींची मोठी बहीण, देवरीच्या पलीकडं, पार छत्तीसगडच्या सीमेला दिलेली. त्यांनी खड्डा पाहिला आणि कपाळावर हात मारला. "तलावाचा बिहाव केला का?" त्यांच्याकडं नव्या तलावाचं लग्न लागल्याशिवाय कोणी त्याचं पाणी वापरत नाही, मधोमध लाकडाचा खांब रोवायचा, त्याला हळद लावायची, वऱ्हाड जेवू घालायचं. "कुवाऱ्या तलावात पानी कसं थांबंल, बाप्पा?" बाबूजी कधी देवळात न जाणारे, पण सिमेंटपुढं हरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. येनाच्या लाकडाचा खांब आला. बायांनी हळद लावली, गाणी म्हटली. आत्याबाई वरमाय. मी करवली, कडक उन्हात, डोक्यावर कळशी. आणि वऱ्हाडाचा स्वयंपाक? मायनं. वडे, पुऱ्या, कैरीचं पन्हं, सगळं तिनं चुलीपुढं बसून केलं, ज्या तलावासाठी तिचा मांडव गेला त्याच्या लग्नाचं. ती घामानं निथळत होती आणि मी तिच्या कानात सांगायला दहादा जाऊन परत आले. बाबूजींनी माझं तंगडं मोडलेलं परवडलं असतं, पण त्यांचा तो बेत मोडायला मन होईना. पाणी सोडलं, नारळ फोडला. दुसऱ्या सकाळी नवरदेव खांब कोरड्या चिरांमध्ये एकटा उभा. आत्याबाई म्हणाल्या, हळद कमी पडली.

गावात हसू झालं. बाबूजी दुकानात गेले तरी कोणीतरी विचारायचं, "पाटील, सून नांदते का?" खांब तेवढा ठेवून त्यांनी सगळं सिमेंट सब्बलनं फोडून काढलं. मला वाटलं, संपलं एकदाचं. उलट त्यानंतर एके पहाटे ते ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून निघून गेले, कुठं ते न सांगता, आणि संध्याकाळी ट्रॉलीभर काळाभोर गाळ घेऊन आले. तलाव आटले की शेतकरी गाळ आणतातच, त्यात नवल नव्हतं. "कुठून आनला?" मायनं विचारलं. "आनला कुठून तरी," ते म्हणाले आणि माझ्या हातात आलूबोंड्यांचा तेलकट पुडा दिला. पुडा बघून मी समजायला हवं होतं. मुर्रीच्या आसपास गाळ आणायला गेलेला माणूस आलूबोंडे कशाला आणेल? तशी चव कोहमाऱ्याच्या धाब्याचीच. पण मी खाऊन मोकळी झाले. गाळाचा ढीग खड्ड्याशेजारी पडून राहिला, पाऊस लागला, रोवणे सुरू झाले, आणि बाबूजी बांध्यांमागं धावायला लागले.

आमचा रोवणा संपला त्या दिवशी मजूर बाया हातपाय धुवायला विहिरीवर आल्या. त्यांच्यात सुगंधा नावाची एक तोंडाळ बाई होती, तिनं खड्ड्यात वाकून पाहिलं. "पाटील, बांधीत पानी थांबासाठी काय करता?"

"चिखल करतो. दुसरं काय?"

"मंग इथं काऊन नाई केला?"

जन्मभर दर पावसाळ्यात हेल्या-रेड्यांकडून बांध्या तुडवून घेणारा माणूस, मातीला तुडवून तुडवून तिच्यातून पाणी गळू न देणं हाच त्याचा धंदा, आणि घरामागच्या खड्ड्याशी तो विसरला! कारण हा तलाव होता, बागेतला, शहरी. बाया खो खो हसल्या. मग त्यांनीच तो गाळ फावड्यानं खड्ड्यात लोटला, पाणी ओतलं आणि गाणं म्हणत तुडवायला उतरल्या. गोल गोल फिरत, एकमेकींचे खांदे धरून. माय काठावर पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभी होती. सुगंधा म्हणाली, "या ना बाई. ही काय बांधी होय? आपल्याच घरात तं हाय." मायनं बाबूजींकडं पाहिलं, गुंड खाली ठेवला, लुगडं वर खोचलं आणि उतरली. मोठ्या घरची सून गुडघाभर चिखलात. आधी जपून, मग थपाथप. ती गात होती. तिला रोवण्याची गाणी येतात हे मला त्या दिवशी कळलं. इतक्या महिन्यांनी तिचं तोंड मोकळं झालं होतं, आणि बाबूजी उगीच मोटरचं बटण चालू-बंद करत राहिले.

एकाएकी ती "अगं माय!" म्हणत थांबली. पायात काटा गेला होता. तिनं चिखलात हात घालून तो काढला, पाण्यानं धुतला. वाळलेल्या शिंगाड्याचं काळं शिंग. मुर्रीच्या तलावात शिंगाडे होत नाहीत.

"कुठला गाळ होय हा?"

आता बाबूजींना लपवायचं कारण उरलं नव्हतं. ते खाकरले, मला डोळ्यानं खूण केली, की बघ आता. "तुयाच गावचा," ते म्हणाले. "म्हटलं, तुया तलाव तुया घरी यावा."

मी मायच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. वर्षभर याच क्षणाची वाट पाहिली होती. मांडव, चहाचे कप, कळशी, सगळं यासाठीच सोसलं होतं. ती आता रडेल, हसेल, काहीतरी चांगलं बोलेल.

"तुमी माया गावाले गेलते?"

"गेलो ना."

"कोनाकडं बसले?"

"त्या घाटाजवळच्या लीलाबाईकडं. चा पाजला तिनं. तुले काऊन नाई आनलं म्हणे."

"मंग काय सांगितलं?"

"सांगितलं, भाऊच नाई आता इथं, तं येऊन काय करन ते."

बाया तुडवायच्या थांबल्या. "माया भावानं घर इकलं," माय म्हणाली. "गाव थोडी इकलं? वर्ष झालं, कोनी न्यायले येते का मनून रस्ता पाहून राहिली मी. तुमी ट्रॅक्टर घेऊन गेले, लीलीच्या हातचा चा पिऊन आले, आन चिखल आनला! ट्रॉली जाताना खालीच होती ना? मले बसवता नाई आलं त्याच्यात?" तिनं ते शिंग बाबूजींच्या पायाशी फेकलं, तशीच चिखलाच्या पायांनी विहिरीवर गेली आणि पाय धूत बसली.

बाबूजींसारखा आडदांड माणूस इतका केविलवाणा मी पुन्हा पाहिला नाही. मलाही त्यांची दया आली नाही. मला दोघांचाही राग आला होता; एकानं विचारलं नाही आणि दुसरीनं सांगितलं नाही, आणि मधल्या मध्ये मी वर्षभर दोरी धरून उभी. त्या रात्री ताटात नुसता भात आणि मिरचीचा ठेचा होता. कोणी डाळ मागितली नाही.

आणि पाणी थांबलं. हा त्यातला सगळ्यात मोठा वैताग. एवढं सगळं बिनसल्यावर त्या खड्ड्यात पाणी असं थांबलं की जणू पिढ्यान्‌पिढ्या तिथंच होतं. श्रावणात गाळातल्या कुठल्याशा कंदानं डोकं वर काढलं आणि कमळाचं एक पान पाण्यावर पसरलं. बेडूक ओरडायला लागले. बघायला कोणी जात नव्हतं. बदकंही आली नाहीत.

दिवाळी झाली. मंडईचे दिवस आले. एके सकाळी बाबूजी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडत होते. त्यांनी मला हाक मारली, माय चार हात अंतरावर तांदूळ निवडत बसलेली असताना. "तारे, मायले सांग, तलावात गाळ कमी पडून राहिला."

तलाव काठोकाठ भरलेला. पाण्यानं भरलेल्या तलावात गाळ टाकतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. मायनं सुपातून मान वर केली नाही. "त्याहीले विचार, किती कमी?"

"ट्रॉलीभर असंल," बाबूजी म्हणाले. "तिच्याच गावचा पाहिजे. दुसरा चालत नाई."

माय सूप ठेवून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर पेटीतलं लुगडं होतं. बाबूजींनी ट्रॉलीत पोतं अंथरलं, त्यावर रजई घातली, आणि माझी माय त्या रजईवर ताठ बसून माहेरच्या मंडईला गेली. परत आले तेव्हा ट्रॉलीत घमेलंभर चिखल होता. भरल्या तलावातून आणखी किती निघणार? पण तो घमेलंभर चिखल बाबूजींनी रीतसर आमच्या तलावात ओतला.

त्यानंतर दरवर्षी गाळ कमी पडायचा. दिवाळीनंतर एकदा, उन्हाळ्यात तिकडचा तलाव आटला की एकदा. उन्हाळ्यात खरोखरच ट्रॉली भरून यायची, कारण रिकामी आणली तर लोक काय म्हणतील! मी शिकायला बाहेर गेले, नोकरीला लागले, माझं लग्न झालं. सुटीत यावं तर तलाव दर खेपेला थोडा उथळ. आधी बेडूक गेले, मग कमळ गेलं. एका वर्षी पाहिलं तर जमीन सपाट झाली होती, मधोमध त्या लग्नाच्या खांबाचं टोक तेवढं वर. मी चिडून म्हटलं, एवढं करून शेवटी बुजवला का? दोघांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोलत होते. मायनं त्या खांबाला दोऱ्या बांधून पोपटाचा मांडव घातला होता.

आता दोघंही नाहीत. नोकरी संपल्यावर मी या घरात परत आले आणि दर हिवाळ्यात तिथंच वेल लावते. सुनेला म्हटलं, तुझं ते प्लॅस्टिकचं तळं पुढच्या अंगणात कुठंही बसव, इथं खणू नको. ती शेंगा तोडता तोडता म्हणाली, "आई, इतक्या गोड शेंगा नागपूरला नाही मिळत." शेजारच्या बायाही मायला असंच म्हणायच्या, आणि माय ओंजळभर शेंगा त्यांच्या पदरात घालून सांगायची, "मायेरच्या होत ना."